लिस्ट्रोसॉरस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिस्ट्रोसॉरस हा नेमका कोणता प्राणी होता?

लिस्ट्रोसॉरस हा सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर वावरणारा, आखूड पायांचा, आडव्या बांध्याचा शाकाहारी प्राणी होता. त्याच्या बहुतेक जाती लहान कुत्र्यापासून डुकरापर्यंतच्या आकाराच्या होत्या, तर एखाददुसरी जात त्याहून बरीच मोठी होती. पर्मियन कालखंडाच्या अखेरीस पृथ्वीवरील जीवसृष्टीचा आजवरचा सर्वांत मोठा संहार झाला. त्या संहाराच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या, अशा दोन्ही बाजूंच्या खडकांत या प्राण्याची हाडे मिळतात. त्यानंतरच्या ट्रायासिक कालखंडाच्या आरंभी तर काही प्रदेशांत जमिनीवरचा सर्वाधिक आढळणारा कणाधारी प्राणी हाच होता. शालेय भूगोलात खंड सरकल्याचा पुरावा म्हणून याचे नाव येते, आणि बहुतेक वाचकांची त्याच्याशी ओळख तिथेच सुरू होऊन तिथेच संपते.

नावात ‘सॉरस’ आहे, म्हणजे तो डायनासोरच ना?

नाही. ‘सॉरस’ हे ग्रीक ‘सरडा’ या शब्दाचे रूप आहे आणि एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी ते सापडेल त्या जुन्या हाडामागे सढळ हाताने जोडले. लिस्ट्रोसॉरस सरडाही नव्हता आणि डायनासोरही नव्हता. पहिले डायनासोर अवतरले त्याच्या कित्येक दशलक्ष वर्षे आधीच तो नामशेष झालेला होता.

तो ज्या शाखेत मोडतो तिला सिनॅप्सिड म्हणतात, आणि आजचे सर्व सस्तन प्राणी, अर्थात आपणही, याच शाखेचे वंशज आहोत. या शाखेची खूण कवटीत दिसते. डोळ्याच्या खोबणीमागे, कानशिलाच्या जागी, प्रत्येक बाजूला एकच मोठे छिद्र असते आणि त्यातून जबड्याचे स्नायू जातात. सरडे, मगरी व डायनासोर यांच्या मूळ घडणीत अशी दोन छिद्रे असतात. जुन्या पुस्तकांत या प्राण्यांना ‘सस्तनसदृश सरीसृप’ म्हटलेले आढळते. ही संज्ञा आता अभ्यासक वापरत नाहीत, कारण या शाखेचा सरीसृपांशी असलेला फाटा लिस्ट्रोसॉरसच्याही पूर्वी पाच-सहा कोटी वर्षे फुटलेला होता.

मग तो सस्तन प्राण्यांचा पूर्वज होता असे म्हणता येईल का?

थेट पूर्वज म्हणता येणार नाही, चुलत घराण्यातील म्हणता येईल. सिनॅप्सिडांमध्ये थेरॅप्सिड नावाचा एक प्रगत गट होता आणि त्या गटाच्या निरनिराळ्या शाखांपैकी दोन येथे महत्त्वाच्या आहेत. सायनोडॉन्ट या शाखेतून पुढे सस्तन प्राणी आले. डायसायनोडॉन्ट या शाखेतून लिस्ट्रोसॉरस आला, आणि ही शाखा पुढे वारस न ठेवता संपली. लिस्ट्रोसॉरसच्याच काळात, त्याच नदीकाठांवर, थ्रिनॅक्सोडॉन नावाचा मांजराएवढा सायनोडॉन्ट राहत होता. आपले नाते त्याच्याशी अधिक जवळचे आहे. त्या काळी मात्र मैदान गाजवत होता तो लिस्ट्रोसॉरस.

तो दिसायला कसा होता?

त्याच्या कवटीची प्रतिकृती हातात घेतली की आधी तिचे नाकाड खटकते. डोळ्यांच्या खोबण्या अगदी वर, जवळजवळ कपाळाच्या पातळीवर आहेत. तिथून पुढचा चेहरा पुढे न जाता कड्यासारखा खाली उतरतो, म्हणजे मुस्कटच खाली मुडपल्यासारखे दिसते. नाकपुड्याही टोकाशी नसून वर, डोळ्यांच्या जवळ आहेत. वरच्या जबड्यातून दोन सुळे खाली आलेले आहेत आणि ते सोडले तर तोंडात एकही दात नाही. जबड्याच्या कडांवर हाडाला बारीक खळगे व रक्तवाहिन्यांच्या खाचा आहेत. त्यावरून तेथे कासवाला असते तशी कठीण, शिंगासारख्या द्रव्याची चोच होती हे कळते.

मानेखालचा देह पिंपासारखा, शेपूट आखूड आणि पुढचे पाय मागच्यांपेक्षा अधिक भक्कम होते. पुढच्या पायांची कोपरे बाहेरच्या बाजूला फाकलेली असत, तर मागचे पाय त्या मानाने अंगाखाली घेतलेले असत. त्यामुळे त्याची चाल डुलतडुलत, पुढून सरड्यासारखी आणि मागून चतुष्पाद जनावरासारखी असावी. देखणा प्राणी म्हणावा असे त्यात काहीच नव्हते, हे मान्य करूनच पुढे जावे.

त्याच्या अंगावर केस होते का?

चित्रकार कधी केसाळ, तर कधी तुळतुळीत लिस्ट्रोसॉरस रंगवतात. या बाबतीत मोलाचा पुरावा दक्षिण आफ्रिकेतील कारू खोऱ्यातून २०२२ साली प्रसिद्ध झाला. दुष्काळात मेलेली आणि वाळून कोळ झालेली काही कलेवरे गाळाखाली गाडली गेली होती. त्यांतील दोन लहान लिस्ट्रोसॉरसांच्या हाडांभोवती कातडीचा ठसा टिकला आहे. ती कातडी चामड्यासारखी, बारीक उंचवट्यांनी भरलेली आहे आणि तिच्यावर केसांचा माग दिसत नाही. तेव्हा निदान या जातीपुरते तरी केसाळ चित्र बाजूला ठेवलेले बरे.

दात नसताना तो चरत कसा असे, आणि खात काय असे?

चोचीने पाला कातरायचा आणि जबडा मागे ओढून तो चेचायचा, अशी ही यंत्रणा होती. डायसायनोडॉन्टांच्या जबड्याचा सांधा सैल व लांबट असल्यामुळे खालचा जबडा वर-खाली होण्याबरोबरच मागे-पुढेही सरकत असे. गालफडाच्या रुंद हाडावरून निघालेले जाडजूड स्नायू तो जोराने मागे खेचत. अडकित्त्याचे वरचे पाते सुपारीवर दाबताना किंचित मागेही ओढले, तर जे होईल ते येथे होत असे. लिस्ट्रोसॉरसचे मुस्कट आखूड आणि उंच असल्यामुळे हा जोर चोचीच्या टोकाजवळ एकवटत असे, आणि म्हणून चिवट, तंतुमय वनस्पतीही त्याला वर्ज्य नव्हत्या.

पर्मियनमध्ये दक्षिणेकडच्या भूभागांवर ग्लॉसोप्टेरिस या जिभेच्या आकाराच्या पानांच्या वृक्षांची दाट राने होती. संहारात ती राने गेली. त्यानंतर डायक्रॉइडियमसारखे बीजधारी नेचे, पाणथळीतील अश्वपुच्छ वनस्पती आणि इतर खुरटी हिरवळ उरली. गवत तेव्हा पृथ्वीवर नव्हते, त्यामुळे ‘कुरणात चरणारा लिस्ट्रोसॉरस’ असे कोणी लिहिले तर ती चूक आहे.

सुळ्यांचा उपयोग काय होता?

मुळे उकरणे, माती सैल करणे आणि आपसांतील झटापट असे निरनिराळे तर्क आहेत आणि एकाच सुळ्याचे एकाहून अधिक उपयोग असणे स्वाभाविक आहे. अभ्यासकांना त्या सुळ्यांच्या उपयोगापेक्षा त्यांच्या आतल्या रचनेत अधिक रस असतो. लिस्ट्रोसॉरसचा सुळा हत्तीच्या सुळ्याप्रमाणे जन्मभर वाढत राहत असे. त्यावर आपल्या दातांवर असते तसे कठीण आवरण नसे, तो दंतिनाचा, म्हणजे दातातील आवरणाखालच्या हाडासारख्या द्रव्याचा, बनलेला असे. रोजच्या रोज त्यात नवा थर पडत असल्यामुळे सुळ्याचा आडवा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडातील वर्तुळांसारखी वर्तुळे दिसतात.

मेगन व्हिटनी आणि ख्रिश्चन सिडोर यांनी २०२० साली असेच छेद तपासले. सहा सुळे अंटार्क्टिकातील होते आणि चार दक्षिण आफ्रिकेतील. वाढीची सर्वसाधारण वर्तुळे दोन्हीकडे होती. अंटार्क्टिकातील सुळ्यांत मात्र त्यांखेरीज जाड, गडद आणि एकमेकांना चिकटून असलेली वर्तुळे आढळली. शरीराचे व्यवहार दीर्घकाळ मंदावतात तेव्हा अशी वर्तुळे पडतात, आणि आज शीतनिद्रा घेणाऱ्या काही प्राण्यांच्या दातांतही तशा खुणा सापडतात. त्या काळी अंटार्क्टिकावर बर्फाची चादर नव्हती. तरीही तो भाग ध्रुववृत्ताच्या आत असल्यामुळे हिवाळ्यात दीर्घ काळोख असे आणि पाला दुर्मिळ होत असे. तेथील लिस्ट्रोसॉरस हा काळ सुस्तीत काढत असावेत, असा निष्कर्ष या अभ्यासकांनी मांडला. हा निष्कर्ष पटण्याजोगा आहे. दहा सुळ्यांवर उभा आहे, हेही लक्षात ठेवावे.

तो पाण्यात राहत होता असे वाचले आहे. ते खरे आहे का?

वर सरकलेल्या नाकपुड्या पाहून पूर्वीचे अभ्यासक त्याला छोट्या पाणघोड्यासारखा मानत. पुढच्या अभ्यासांत हाडांच्या सांध्यांची आणि तो ज्या गाळात सापडतो त्या गाळाची तपासणी झाली, तेव्हा हे मत मागे पडले. ज्या थरांत त्याची हाडे विपुल आहेत त्यांतील काही थर दुष्काळी, उन्हाने भेगाळलेल्या मैदानांचे आहेत. भक्कम पुढचे पाय पोहण्यापेक्षा उकरण्यास सोयीचे होते, आणि कारूमध्ये बिळांचे ठसेही मिळाले आहेत.

या प्राण्याचे नाव कोणी ठेवले?

अमेरिकेतील एडवर्ड ड्रिंकर कोप यांनी, १८७० साली. ‘लिस्ट्रॉन’ म्हणजे फावडे, तेव्हा नावाचा सरळ अर्थ ‘फावड्या सरडा’ असा होतो.

यामागे एक किस्सा आहे. फिलाडेल्फियाचे धर्मोपदेशक आणि हौशी संग्राहक एलियस रूट बीडल यांच्याकडे दक्षिण आफ्रिकेतील एक कवटी होती. त्यांनी प्रथम ऑथनिएल चार्ल्स मार्श या नामवंत अभ्यासकाला पत्र लिहिले. मार्श यांचे उत्तर आले नाही, म्हणून बीडल कोप यांच्याकडे वळले आणि कोप यांनी लागलीच वर्णन छापले. कोप आणि मार्श यांचे पुढे हाडांवरून जे वैर झाले ते प्रसिद्धच आहे. त्या वैरात पत्राला वेळेवर उत्तर न देण्याची किंमत मार्श यांनी एकदा तरी मोजली, असे म्हणायला हरकत नाही. या प्राण्याची हाडे अभ्यासकांच्या हाती मात्र त्याआधीच आली होती. टॉमस हेन्री हक्सली यांनी १८५९ साली डायसायनोडॉन मरेयी या नावाने जी जात वर्णिली होती, ती आज लिस्ट्रोसॉरस मरेयी म्हणून ओळखली जाते. ‘डायसायनोडॉन’ म्हणजे ‘दोन श्वानदंतांचा’, आणि हे नाव रिचर्ड ओवेन यांनी १८४५ साली योजले होते.

लिस्ट्रोसॉरसचे जीवाश्म भारतात सापडले आहेत का?

होय. पश्चिम बंगालमधील राणीगंज कोळसाक्षेत्रात, दामोदर नदीच्या खोऱ्यात, पांचेत नावाची शैलसमूहाची मालिका आहे. तिचे नाव तेथील पांचेत टेकडीवरून पडले. त्या खडकांतील हाडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणामार्फत लंडनला हक्सली यांच्याकडे गेली. १८६५ साली त्यांनी त्यांचे वर्णन करताना एका जातीला डायसायनोडॉन ओरिएन्टॅलिस असे नाव दिले. भारतातील डायसायनोडॉन्टांच्या अभ्यासाचा आरंभ येथून होतो. पुढे १९६३ साली सर्वेक्षणातीलच त्रिपाठी आणि सत्संगी यांनी पांचेतमधील लिस्ट्रोसॉरसांवर सविस्तर ग्रंथ लिहिला. संघमित्रा राय यांनी २००५ साली ही सामग्री पुन्हा तपासली. वेगवेगळ्या नावांनी नोंदलेले भारतीय नमुने वस्तुतः दक्षिण आफ्रिकेत सापडणाऱ्या लिस्ट्रोसॉरस मरेयी या एकाच जातीत बसतात, असे त्यांनी दाखवले. कवट्यांतील जे फरक पूर्वी जातीभेद मानले गेले, ते वयाचे आणि नर-मादीचे असावेत.

राणीगंजच्या मातीत आणि कारूच्या मातीत एकाच जातीचा प्राणी मिळतो, ही गोष्ट सहज वाचून पुढे जाण्यासारखी नाही. पुढच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यातच आहे.

खंड सरकतात याचा पुरावा म्हणून लिस्ट्रोसॉरसचे नाव का घेतले जाते?

दक्षिण आफ्रिका, भारत आणि अंटार्क्टिका यांच्यामध्ये आज हजारो किलोमीटरचा समुद्र आहे. बुटक्या पायांचा, पिंपासारख्या अंगाचा हा शाकाहारी प्राणी तो पोहून ओलांडू शकला नसता. तरीही त्याची हाडे तिन्ही ठिकाणी, एकाच वयाच्या खडकांत मिळतात. याचा अर्थ तो चालत गेला, आणि तो चालत गेला तेव्हा हे भूभाग एकमेकांना लागून होते.

त्यांतील अंटार्क्टिकाचा दुवा सर्वांत उशिरा मिळाला. १९६७ साली पीटर बॅरेट यांना तेथील ग्रॅफाइट पीक येथे एका प्राचीन उभयचराच्या जबड्याचा तुकडा सापडला. जीवाश्मतज्ज्ञ एडविन कोलबर्ट यांनी तो ओळखला आणि लगेच शोधमोहीम आखली गेली. १९६९ च्या अखेरीस डेव्हिड एलियट यांच्या नेतृत्वाखालील पथकाला ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतरांगेतील कोलसॅक ब्लफ येथे हाडांचे थर मिळाले, आणि कोलबर्ट यांनी त्यांत लिस्ट्रोसॉरस ओळखला. समुद्रतळाच्या चुंबकीय पट्ट्यांवरून भूपट्टांचा सिद्धान्त तेव्हा जवळजवळ मान्य झालेलाच होता. पण चुंबकीय आलेख सर्वसामान्य वाचकाला दाखवता येत नाही, प्राण्याची कवटी दाखवता येते. वर्तमानपत्रांनी या शोधाला जे स्थान दिले ते म्हणूनच.

येथे एक नेहमीची चूक दुरुस्त करायला हवी. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली भूखंडवहनाची कल्पना मांडली, आणि नकाशावर चार जीवाश्मांचे पट्टे दाखवून ‘हे वेगेनर यांचे पुरावे’ असे अनेक ठिकाणी छापलेले असते. वेगेनर यांचा मृत्यू १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात झाला. अंटार्क्टिकातील लिस्ट्रोसॉरस त्यांच्या हयातीत कोणालाच ठाऊक नव्हता. त्यांच्या मांडणीत मेसोसॉरस हा जलचर आणि ग्लॉसोप्टेरिस ही वनस्पती यांना महत्त्व होते.

शिवाय हा प्राणी फक्त दक्षिणेकडचा होता असेही नाही. चीनमधील शिंजियांग, मंगोलिया आणि रशिया येथेही त्याचे जीवाश्म आहेत. शिंजियांगमधील एका जातीला स्वीडिश शोधप्रवासी स्वेन हेडिन यांच्या नावावरून लिस्ट्रोसॉरस हेडिनी म्हणतात. सर्व भूभाग पँजिया या एकाच महाखंडात जोडलेले होते, म्हणून त्याला उत्तरेचीही वाट मोकळी होती.

पर्मियनच्या अखेरीस नेमके काय घडले?

सुमारे २५ कोटी १९ लाख वर्षांपूर्वी, आजच्या सायबेरियात प्रचंड प्रमाणावर लाव्हा बाहेर पडला. महाराष्ट्रातील वाचकाला याची कल्पना येणे सोपे आहे, कारण सह्याद्रीचा काळा पायऱ्यापायऱ्यांचा कातळ अशाच प्रकारच्या, परंतु त्याहून पुष्कळ अलीकडच्या, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. सायबेरियात हा रस वर येताना कोळसा, चुनखडक आणि मिठाचे जुने थर भाजून काढत आला, आणि त्यामुळे लाव्हातील वायूंच्या जोडीला या थरांतील कार्बन डायऑक्साइड आणि इतर विषारी वायूही वातावरणात गेले. हवा तापली, समुद्र आम्लधर्मी झाला आणि त्यातील प्राणवायू घटला. समुद्रातील सुमारे ९० टक्के जाती आणि जमिनीवरील कणाधारी प्राण्यांच्या सुमारे ७० टक्के जाती नष्ट झाल्या, असा अंदाज आहे.

कारूच्या खडकांत याचे चित्र गाळाच्या रूपाने उमटले आहे. संहारापूर्वीच्या नद्या वळणे घेत, झाडीने बांधलेल्या काठांतून वाहत होत्या. संहारानंतर त्याच प्रदेशात अनेक फाट्यांनी पसरणाऱ्या, वाळू वाहून आणणाऱ्या उथळ नद्यांचे थर लागतात. माती धरून ठेवणारी मुळेच उरली नव्हती. जगभर कोठेही ट्रायासिकच्या पहिल्या काही दशलक्ष वर्षांत कोळसा तयार झालेला आढळत नाही, कारण कोळसा होण्याजोगी दलदलीतील राने नव्हती.

इतके प्राणी मेले, मग लिस्ट्रोसॉरसच कसा तगला?

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो, आणि त्याची सर्वांत सोपी उत्तरे अपुरी आहेत.

पहिले उत्तर बिळांचे. बिळात राहणाऱ्या प्राण्याला कोंदट, कमी प्राणवायूच्या हवेची सवय असते आणि उष्णतेपासून आडोसा मिळतो, म्हणून तो वाचला, असे म्हटले जाते. यात तथ्य असावे. पण डायक्टोडॉन नावाचा त्याचाच एक भाऊबंद पर्मियनमध्ये मळसूत्रासारखी वळणदार बिळे खणत होता, आणि ती बिळे आत बसलेल्या प्राण्यांसह सापडली आहेत. बिळे खणण्यात तो लिस्ट्रोसॉरसपेक्षा वाकबगार होता. तरीही डायक्टोडॉन ट्रायासिकमध्ये पोहोचला नाही.

दुसरे उत्तर छातीचे. पिंपासारखी छाती, मोठी फुप्फुसे आणि म्हणून विरळ हवेत टिकाव, अशी ही मांडणी आहे. मात्र अशी छाती इतर डायसायनोडॉन्टांनाही होती, त्यामुळे तिने लिस्ट्रोसॉरसचे वेगळेपण सिद्ध होत नाही.

तिसरे उत्तर मला अधिक वजनदार वाटते, कारण ते हाडांत मोजता आले आहे. जेनिफर बोथा-ब्रिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली लिस्ट्रोसॉरसांच्या हाडांचे पातळ छेद तपासले. संहारापूर्वीच्या नमुन्यांत वाढीच्या खुणा १३-१४ वर्षांपर्यंत मोजता येत होत्या. संहारानंतरच्या नमुन्यांत त्या अवघ्या दोन-तीन वर्षांपर्यंतच्या होत्या. प्राणी आकारानेही लहान झालेले होते. इतक्या कमी आयुष्यात वंश टिकवायचा तर लहान वयातच वीण सुरू व्हायला हवी. उद्या पाऊस पडेल की नाही याची खात्री नसलेल्या जगात, लवकर वाढून लवकर पिल्ले देणारा प्राणी सावकाश वाढणाऱ्याच्या पुढे जातो, असा या गटाने मांडलेल्या प्रतिमानाचा (मॉडेलचा) निष्कर्ष आहे.

याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी धराव्या लागतात. लिस्ट्रोसॉरस संहारापूर्वीच दूरवर पसरलेला होता, त्यामुळे एका खोऱ्यात तो संपला तरी दुसऱ्यात उरण्याची शक्यता होती. खाण्याच्या बाबतीतही तो चोखंदळ नसावा. आणि नशीब नावाची गोष्ट शास्त्रीय लेखनात कमीच लिहिली जाते, पण ती येथे वगळता येत नाही.

‘लिस्ट्रोसॉरस तगला’ हे वाक्यही जपून वापरायला हवे. तगले ते प्रजातीचे, म्हणजे जवळच्या अनेक जातींच्या गटाचे, नाव. लिस्ट्रोसॉरस मॅक्केगी ही मोठ्या अंगाची जात पर्मियनच्या थरांतच संपते. लिस्ट्रोसॉरस कर्वेटस ही जात पर्मियन-ट्रायासिक सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना सापडते. मरेयी आणि डेक्लिव्हिस या ज्या जातींनी ट्रायासिकची मैदाने भरून टाकली, त्या आकाराने लहान होत्या. म्हणजे ज्या घराण्याचे आपण कौतुक करतो त्यातीलही मोठी शाखा त्या आपत्तीत गेलीच.

ट्रायासिकच्या आरंभी ९५ टक्के प्राणी लिस्ट्रोसॉरस होते, हे खरे आहे का?

हा आकडा सर्वत्र फिरतो, पण तो संपूर्ण पृथ्वीला लागू नाही. कारू खोऱ्यातील काही थरांत मिळालेल्या कणाधारी जीवाश्मांविषयी तो सांगितला जातो. लिस्ट्रोसॉरसची कवटी जाड व टिकाऊ आहे आणि सुळ्यांमुळे ती शेतातल्या दगडांतही ओळखू येते. लहानग्या, नाजूक हाडांचे प्राणी याच कारणाने मोजणीत मागे पडतात. तो विपुल होता यात शंका नाही. नेमका टक्का सांगताना मात्र ठिकाण आणि थर सांगावा.

त्याला शत्रू होते का?

होते. मोस्कोरायनस हा सस्तनांच्याच शाखेतील दणकट मांसाहारी प्राणी संहारानंतरही काही काळ होता, आणि मगरीसारख्या देहाचा, खाली वळलेल्या नाकाडाचा प्रोटेरोसूकस नदीकाठी दबा धरत असे.

पुढे या घराण्याचे काय झाले?

लिस्ट्रोसॉरस ट्रायासिकच्या सुरुवातीच्या टप्प्यातच नामशेष झाला, परंतु डायसायनोडॉन्ट संपले नाहीत. मध्य ट्रायासिकमध्ये त्यांच्यातून बैलाएवढे, जड बांध्याचे प्राणी निर्माण झाले. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील येर्रापल्ली शैलसमूहात असे दोन प्राणी सापडले आणि १९७० साली त्यांचे वर्णन झाले. त्यांतील वाडियासॉरसचे नाव भूवैज्ञानिक दाराशॉ नोशेरवान वाडिया यांच्यावरून ठेवले आहे, तर दुसऱ्याचे नाव रेक्निसॉरस आहे.

या घराण्याचा शेवटचा मोठा प्रतिनिधी पोलंडमधील लिसोविसिया. ट्रायासिकच्या उत्तरार्धात, डायनासोर आधीच अवतरलेले असताना, हा प्राणी हत्तीएवढा झाला होता. प्रथम त्याचे वजन ९ टनांच्या आसपास मानले गेले, नंतरचे अंदाज त्याहून कमी आहेत. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये सापडलेल्या काही तुकड्यांवरून डायसायनोडॉन्ट क्रेटेशियसपर्यंत, म्हणजे डायनासोरांच्या अखेरच्या कालखंडापर्यंत, टिकले असा दावा झाला होता. २०१९ मधील फेरतपासणीत ते तुकडे फार अलीकडच्या एका अवाढव्य सस्तन प्राण्याचे असल्याचे दिसून आले.

हे जीवाश्म कोठे पाहता येतात?

दक्षिण आफ्रिकेत केप टाउनमधील इझिको संग्रहालय आणि जोहान्सबर्गमधील विट्वाटर्सरँड विद्यापीठ येथे कारूतील मोठे संग्रह आहेत. भारतात प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील डायसायनोडॉन्टांची सामग्री कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संग्रहात आहे. बारापासॉरस या डायनासोरचा प्रचंड सांगाडाही तेथेच उभा आहे. जाण्यापूर्वी प्रवेशाच्या वेळांची चौकशी करावी, कारण ही संस्था संशोधनाची आहे, पर्यटनाची नव्हे.

महाराष्ट्रात लिस्ट्रोसॉरस सापडू शकेल का?

पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्यात किंवा कोकणच्या कातळात शोधून उपयोग नाही. तेथील लाव्हाचा खडक लिस्ट्रोसॉरसच्या कितीतरी नंतरचा आहे आणि लाव्हात हाडे टिकत नाहीत. विदर्भाची गोष्ट वेगळी. ‘गोंडवन’ हा शब्दच गोंडांच्या मुलुखावरून भूविज्ञानात गेला. हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ साली तो खडकांसाठी वापरला आणि पुढे तो जोडलेल्या दक्षिण भूखंडांचे नाव बनला. चंद्रपूर-वणी पट्ट्यातील कोळसा ग्लॉसोप्टेरिसच्या रानांचा आहे, आणि त्यावरील कामठी शैलसमूहाचे वय लिस्ट्रोसॉरसच्या काळाच्या आसपास पोहोचते.

या बाबतीत एक जुना, विसरत चाललेला दुवा सांगण्यासारखा आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना, ज्यांचे नाव तेथील महाविद्यालयाला आहे, दगडांचा आणि जीवाश्मांचा नाद होता. नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा खोऱ्यातील मांगली येथील वाळूच्या खडकातून एका चपट्या, रुंद डोक्याच्या उभयचराची कवटी मिळाली. ती लंडनला पोहोचली आणि १८५५ साली रिचर्ड ओवेन यांनी तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स हे नाव दिले. हा खडक सामान्यतः आरंभीच्या ट्रायासिकमधील, म्हणजे लिस्ट्रोसॉरसच्याच काळातील मानला जातो. उलट सिरोंचा तालुक्यातील वडधम येथील प्रसिद्ध जीवाश्म ज्युरासिकमधील आहेत आणि त्यांचा लिस्ट्रोसॉरसशी संबंध नाही. प्राणहितेपलीकडे, तेलंगणातील कुंदारम शैलसमूहात मात्र एन्डोथायोडॉन हा पर्मियनमधील डायसायनोडॉन्ट सापडला आहे, आणि नदीच्या एका काठावर थांबण्याचे कारण त्या प्राण्याला नव्हते.

तेव्हा वर्धा किंवा प्राणहितेच्या खोऱ्यात, तांबूस-हिरवट मातकट खडकात, दगडापेक्षा गुळगुळीत आणि मोडलेल्या कडेला जाळीदार दिसणारा तुकडा कोणाला आढळला, तर तो उकरून काढू नये. जागेचे छायाचित्र घ्यावे, शेजारी नाणे किंवा पेन ठेवावे म्हणजे आकार कळतो, मोबाईलवरून ठिकाणाचे अक्षांश-रेखांश टिपावेत आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाला कळवावे. हाड कोणत्या थरातून आले हे ठाऊक असेल तरच त्याचे वय सांगता येते, आणि एकदा ते घरच्या कपाटात गेले की तो थर पुन्हा शोधणे बहुधा जमत नाही.